आईच्या नावाची सही

“करा सही. इथं केलीय ना, तशीच करा.”

साहेबांनी कोरा कागद आईच्या पुढ्यात सरकवला आणि त्यावर आपलं पेन ठेवलं. आई उभी होती. तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं. टेबलावर मस्टर उघडं पडलं होतं. हजेरीच्या वहीला आमच्याकडं मस्टर म्हणतात. त्यातल्या एका ओळीवर साहेबांचं बोट होतं. हिराबाई. आईचं नाव. त्यापुढं इंग्रजीतली वळणदार सही, आठवड्याच्या सातही दिवसांची.

आईनं पेन उचललं. खुरपं धरतात तसं मुठीत धरलं. कागदावर टेकवलं. एक उभी रेघ निघाली. वाकडी. मग पेन तिथंच थांबलं.

बाजूच्या सोफ्यावर ठेकेदार बसला होता. माजी नगराध्यक्षांचा पुतण्या. गावाला पाणी सोडायचं काम नुकतंच त्याच्या एजन्सीला मिळालं होतं. हजेरीच्या या चौकशीशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी तो चहा पीत बसला होता. तो म्हणाला, “आवं मावशी, दमानं. कागुद फाडशीला.”

सगळे हसले. ज्याच्या मुलीच्या लग्नात आईनं दोन दिवस भाकरी थापल्या होत्या, तो शिपाईसुद्धा हसला.

आई म्हणाली, “मला सही येत न्हाई, सायेब. मी अंगठा करती.”

“मग ही कुणाची?”

मी मागं भिंतीला टेकून उभी होते. ती सही माझी होती.

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, बघितलं नाही. कामावरून काढलेले अकरा वॉलमन, अप्पा धरून, नगरपरिषदेच्या त्या सभागृहात होते. त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकाचीही मान वळली नाही. सगळे समोर बघत होते, जणू मी तिथं नव्हतेच. खरं सांगते, मला तोंड उघडायचं नव्हतं. मला फक्त तिथून निघून जायचं होतं.

अप्पा पुढं झाले. “म्या केली, सायेब.”

“तुम्ही? इंग्रजीत?”

“व्हय.”

पुन्हा हसू. अप्पांची सही त्याच मस्टरभर पसरलेली होती. मराठीत, एकेक अक्षर सुटं. हा हात तो नाही, हे कुणीही सांगितलं असतं. साहेबांनी दोन्ही सह्या ताडून बघितल्या नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं, ते मिळालं.

“मग तसं लिहून द्या.”

लिहून तयारच होतं. खोटी हजेरी लावून नगरपरिषदेची फसवणूक केली. अप्पांनी खाली सही केली. बावीस वर्षांची नोकरी. पंधरा मिनिटं लागली. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही.

आमचं गाव आष्ट्याच्या बाजूचं, उसाचं. नाव लिहीत नाही. आम्ही मूळचे तिथले नव्हे. आजोबा जतकडून मेंढरं घेऊन यायचे, उसाच्या मोकळ्या रानात खतासाठी बसवायचे आणि पाऊस लागला की परत जायचे. एका वर्षी अप्पा परत गेले नाहीत. नगरपरिषदेत रोजंदारीवर लागले. वॉलमन म्हणून.

वॉलमन म्हणजे पाणी सोडणारा. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालून वॉल फिरवायचा. कुठल्या गल्लीला किती आटे, कुठला वॉल अर्ध्यावर ठेवायचा, कुठला पुरा उघडला की पुढची पेठ कोरडी पडते, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते अप्पांच्या मनगटात होतं.

रोजंदारीच्या माणसानं सलग काम केलं तर त्याला कायम करावं लागेल, ही ऑफिसला भीती. म्हणून दर तीन महिन्यांनी आठवडाभर त्याला कागदावर बंद ठेवायचं. त्याला ब्रेक म्हणायचे. पण पाणी तर रोज सोडायचं. लोक ब्रेक घेत नाहीत. मग त्या आठवड्यात मस्टरवर दुसरं नाव लागायचं. बायकोचं, भावाचं, मेव्हण्याचं. चावी अप्पांच्याच खांद्यावर, कागदावर मात्र हिराबाई वॉलमन. अकराही घरांत हीच रीत. इतकी साधी गोष्ट की नळावर बायका आईची चेष्टा करायच्या, “काय हिराबाई, ह्या आठवड्यात तुमची ड्युटी न्हवं? मग आमच्या गल्लीला वाईच जादा सोडा की!” आई पण म्हणायची, “सोडती की. पर चहा पाजा आदी.”

ही सगळी जुळणी बघायचे ते पाणीपुरवठ्याचे क्लार्क. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. मी पाचवीत होते. शनिवारी अर्धी शाळा असायची. मी गणवेशातच, टाय लावून अप्पांकडं ऑफिसात गेले होते. भाऊसाहेब मस्टर घेऊन बसले होते. म्हणाले, “अंगठा लावला की साक्षीदार आला, ऑडिटवाला आला, छप्पन्न भानगडी. सहीला कोण विचारत न्हाई. ए बाळ, तू इंग्रजी शाळेत हायस न्हवं? कर की आईची सही. झोकात कर.”

मी झोकात केली. पहिल्या अक्षराला लांब शेपूट काढलं. सात दिवसांच्या सात सह्या. भाऊसाहेबांनी टेबलाच्या खणातून लिमलेटची गोळी दिली आणि सगळ्यांना मस्टर दाखवलं. अप्पांचा चेहरा फुलला होता.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी मला बोलावणं यायचं. पुढं मी कराडला कॉलेजात गेले, तरी ब्रेकच्या आठवड्यात शनिवारी घरी यायचे आणि सही करून जायचे. शेवटची सही केली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. तेव्हा काही कळत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

माझी शाळाही नगरपरिषद चालवणाऱ्या लोकांचीच. गावातल्या बागायतदारांची संस्था. शाळेची टाकी अप्पा पाळी नसतानाही भरून द्यायचे, म्हणून मला फी माफ. पाहुणे आले की बाई मला उभं करून इंग्रजी कविता म्हणायला लावायच्या. मग पाहुण्यांना म्हणायच्या, “वाटत नाही ना, वॉलमनची मुलगी आहे म्हणून?” मला ते कौतुक वाटायचं. कितीतरी वर्षं वाटत राहिलं. घरात माझी भाषा वेगळी पडायची, शाळेत माझं इंग्रजी अडखळायचं. दोन्हीकडं चूक होऊ नये म्हणून मी बोलणंच कमी केलं. बघत राहायची सवय लागली.

मग नगरपरिषदेवर प्रशासक आले, तेच हे साहेब. पाण्याचं काम एजन्सीला गेलं. अकरा जणांना तोंडी निरोप मिळाला, सोमवारपासून येऊ नका. त्यांनी अर्ज केला, आमची सलग नोकरी आहे, आम्हाला असं काढता येत नाही. त्यावर ऑफिसनं जुनी मस्टरं काढली. ब्रेकच्या आठवड्यांवर बोट ठेवलं. सलग कुठं आहे? इथं तर हिराबाई आहे. आणि ही हिराबाई कोण? बोगस हजेरी. फसवणूक. ज्यांनी ती नावं लिहायला लावली, त्यांनीच आता विचारलं, ही नावं कुणी लिहिली?

चौकशीहून घरी आलो. अप्पांनी हातपाय धुतले. मी विचारलं, “तुम्ही का घेतलंत अंगावर?”

“तुज्या ब्यांकेचं कागद यायचं हायती. पोलीस चवकशी करत्यात म्हनं. त्यात काय यायला नगं.”

माझी एका बँकेत क्लार्क म्हणून निवड झाली होती. कागदपत्रांची तपासणी तेवढी राहिली होती.

“आणि तुमचं काय?”

“आमचं झालं की आता समदं.”

आई चुलीपाशी बसली होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “अकरा वर्सं माजी सही करत हुतीस. येकदा मला शिकवली असतीस तर?”

त्यात राग नव्हता. म्हणून जास्त लागलं. मला खरंच कधी सुचलं नव्हतं. मी तिचं नाव लिहीत होते आणि ते तिला लिहिता यावं, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

चार दिवसांनी ठेकेदार आमच्या दारात आला. सोबत त्याची दोन नवी माणसं. साळी गल्लीला तीन दिवस पाणी नव्हतं. तिथला वॉल जुना, उलट्या आट्यांचा. सगळे वॉल ज्या अंगाला उघडतात, त्या अंगाला तो बंद होतो. नव्या माणसांनी जोर लावून तो आणखी आवळून ठेवला होता.

मी अप्पांच्या वाटेत उभी राहिले. “जाऊ नका.”

“लोकं तानल्याली हायती, बाय.”

ते गेले. मी मागोमाग गेले. भर दुपारी, ऐन चौकात अप्पा गुडघ्यावर बसले. बावीस वर्षं वापरलेली ती चावी आता ठेकेदाराच्या माणसाच्या हातात होती. ती त्यांना मागून घ्यावी लागली. त्यांनी वॉल हळूहळू सोडवला. बायका दारांत घागरी घेऊन उभ्या होत्या. ठेकेदार गाडीला टेकून आपल्या माणसांना म्हणाला, “नीट बघून घ्या रं. म्हातारा हाय तवर.”

अप्पांनी चावी पुसून परत दिली.

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला गेले. भाऊसाहेब निवृत्त होऊन तिथं मुलाकडं राहत होते. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या असत्या, की ब्रेक ऑफिसचा होता, नावं ऑफिसनं घातली, तर सगळं उलटलं असतं. मी एकटी कुणाच्या घरी जाऊन काही मागणारी मुलगी नव्हे. कराडच्या स्टँडवर मी खाली उतरले होते, परत फिरायचं म्हणून. पुन्हा चढले.

त्यांनी मला लगेच ओळखलं. “अगं, आमची सहीवाली!” काकूंनी चिवडा आणला. मी सगळं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, “हे बघ, तुमच्या पोटावर मी कधी पाय दिला न्हाई. ब्रेक वरनं आलेला. आठवडाभर तुमची चूल बंद राहू नये म्हणून मीच ती वाट काढली. खरं का खोटं?”

“खरं.”

“मग?”

“तेवढंच लिहून द्या, भाऊसाहेब.”

ते हसले. चिवड्याची बशी माझ्याकडं सरकवली. “पोरी, मी सांगितलं हे कागदावर हाय का कुठं? न्हाई. माझी सही हाय का? न्हाई. तुझी हाय. मी आता माझं पेन्शन धोक्यात घालू व्हय? तू हुशार. बँकेत लाग. एकदा तिकडं गेलीस की हे सगळं मागं पडतंय बघ.”

काकू म्हणाल्या, “खा की गं, काहीच घेतलं नाहीस.”

मी खाल्लं. नको म्हणता आलं नाही. परतीच्या एसटीत मला त्याचीच जास्त लाज वाटत होती. भाऊसाहेबांचा राग येत नव्हता. तीस वर्षं त्यांनी नोकरी केली आणि त्या तीस वर्षांत त्यांच्या नावाच्या जागी कुणी दुसरं नाव लिहिलं नव्हतं. त्यांना त्यांची वर्षं पूर्ण मिळाली. अप्पांची वर्षं तोडून तोडून वाटली गेली. आधीची काकांच्या नावावर, पुढची आईच्या नावावर. आणि त्यातला तोडण्याचा भाग माझ्या हातून झाला होता.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला बसा म्हणाले. चहा मागवला. माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. मी कुठं शिकले, मार्क किती, बँकेत कधी रुजू होणार. मग दहा छापील कागद पुढं ठेवले. उरलेल्या दहा वॉलमनसाठी. आम्ही खोटी हजेरी लावली हे मान्य आहे, मागच्या नोकरीवर आमचा कोणताही हक्क नाही, एजन्सीकडं नव्यानं कामाला राहायला आम्ही तयार आहोत.

“ही माणसं तुझं ऐकतील. वाचून दाखव, सह्या घेऊन ये. सगळ्यांना एजन्सीत घेऊ. तुझ्या वडिलांचंही बघू.”

मी पहिला कागद उचलून वाचला.

“घाबरू नकोस,” ते म्हणाले. “ती सही कुणाची आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी कुठं लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही.” आणि मग पुन्हा इंग्रजीत, अगदी मायेनं, “यू आर नॉट लाइक देम.”

तू त्यांच्यासारखी नाहीस. शाळेत पाहुण्यांसमोर मी हेच ऐकत मोठी झाले होते. पण मला त्याच्या आधीचं वाक्य ऐकू येत होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणजे आईच्या पुढ्यात कागद सरकवला तेव्हा त्यांना ठाऊक होतं. तिच्या मुठीत पेन दिलं तेव्हा ठाऊक होतं. त्यांना सही कुणाची हे शोधायचं नव्हतं. अकरा माणसांसमोर तिला उभं करायचं होतं, म्हणजे बाकीचे दहा आपोआप वाकतील.

मी म्हणाले, “मला एक कोरा कागद द्या.”

त्यांना वाटलं, मी होकार लिहून देतेय. त्यांनी स्वतः उठून दिला.

मी मराठीत लिहिलं. पाणीपुरवठा विभागाच्या मस्टरवर हिराबाई या नावापुढच्या अकरा वर्षांतल्या सर्व सह्या मी केल्या आहेत. त्या मला याच कार्यालयात, कार्यालयाच्या क्लार्कनं करायला सांगितल्या. त्या प्रत्येक दिवशी प्रत्यक्ष काम माझ्या वडिलांनी केलं आहे. वडिलांचा कबुलीजबाब खोटा आहे आणि तो खोटा आहे हे घेणाऱ्यांना माहीत होतं. खाली माझं पूर्ण नाव.

साहेबांनी वाचलं. त्यांचं इंग्रजी थांबलं. “तू काय करतेयस, कळतंय का तुला?”

“हो.”

“पोलिसांत जाईल हे. नोकरी जाईल.”

“हो.”

ते म्हणाले, कागद ठेवून जा. मी ठेवला नाही. बाहेर झेरॉक्स काढली, अर्ज घेतात त्या आवक खिडकीवर कागद दिला आणि झेरॉक्सवर पोच मागितली. तिथल्या बाई म्हणाल्या, साहेबांना विचारून देते. मी म्हटलं, थांबते. जेवणाची सुट्टी झाली, मी थांबले. दाखले न्यायला आलेल्यांची रांग माझ्या अंगावरून पुढं सरकत होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काय गं, तुजं काय अडलंय?” मी म्हटलं, “शिक्का.” शेवटी त्या बाईंनी कुणाकडं न बघता शिक्का मारला आणि कागद माझ्याकडं ढकलला.

यानंतर काही चांगलं झालं नाही.

साहेबांनी पोलिसांत माझ्याविरुद्ध अर्ज दिला. मी दोनदा ठाण्यात जाऊन बसून आले. अप्पा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते एवढंच, “म्या ज्याच्यासाठी मान खाली घातली, ते तू घालवलंस.”

बाळूनाना अप्पांच्या सोबतचे. अठरा वर्षं वॉलमन. ते अंगणात उभे राहून ओरडले, “तू सांगून मोकळी झालीस! आता आमच्या बायकास्नी बलिवतील, मेव्हन्यांस्नी बलिवतील. आमाला इचारलं हुतंस का?”

नव्हतं विचारलं. त्यांचं बरोबर होतं. मी माझ्यापुरतं खरं बोलून आले होते आणि ते दहा घरांवर जाऊन पडलं होतं. मग मी घरोघर गेले. दारात उभं राहून बोलायला लागले. मला बोलता येत नाही, तरी बोलले. पाच जणांनी एजन्सीचे कागद सही करून दिलेच. त्यांच्या घरात लहान मुलं आहेत. मी त्यांना काही म्हणू शकत नाही.

सहा राहिले. अप्पा धरून. बाळूनाना पण. एके दिवशी ते आपणहून आले, उंबऱ्यावर टेकले आणि म्हणाले, “लिव. माजा मेव्हना वारल्यावर बी दोन वर्सं पाणी सोडत हुता. दर ब्रेकला हजर. ऑफिसातली मानसं त्याच्या मातीला आली हुती, आन सोमवारी मस्टरवर त्याचंच नाव.” आई फस्सकन हसली. बाळूनाना हसले. अप्पा हसले नाहीत, पण ते आत जाऊन जुन्या पिशवीतले कागद घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवले.

आता मी सहा घरांतली अशी प्रत्येक हजेरी लिहून काढते आहे. कुणाचं नाव, कुणाचा हात, काम कुणाचं. सांगलीच्या कामगार न्यायालयात दावा लावलाय. वकील म्हणतात, वर्षं जातील. तुझ्या कागदानं तरेल किंवा बुडेल, सांगता येत नाही.

परवा बँकेचा फॉर्म आला. त्यात एक रकाना आहे. आपल्याविरुद्ध कोणतीही तक्रार किंवा चौकशी प्रलंबित आहे काय? अप्पा म्हणाले, न्हाई लिव. वकील म्हणाले, अजून गुन्हा दाखल नाही, नुसता अर्ज आहे, नाही लिहिलंस तरी चालेल.

मी लिहिलं, होय. खाली जागा कमी होती, म्हणून वेगळं पान जोडलं आणि सगळं लिहिलं. पोस्टात टाकून आले. ती नोकरी आता मला मिळणार नाही, हे मला माहीत आहे.

मला ती हवी होती. अजून हवी आहे. पण ऑफिसच्या सोयीचं मी अकरा वर्षं लिहिलं. आता लिहिणार नाही. तारखेला मी सांगलीला जाणार. विचारलं तर सांगणार, नाही विचारलं तरी सांगणार. माझ्यावर खटला भरला तर तिथंही हेच सांगणार. अप्पा परत कामावर लागतील की नाही, माझ्या हातात नाही. पण त्या गावाला बावीस वर्षं पाणी कुणी सोडलं, हे सरकारी कागदावर त्यांच्याच नावानं चढल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.